स्टेअरिंगचे तेल : कोणते आणि कसे

फलकावर वार्षिकांकाच्या लेखांची सूचना लागली आणि दोन दिवसांत सगळे चांगले विषय संपले. एकाने वऱ्हाडी लोकगीते घेतली, एकीने संत गाडगेबाबांचे कार्य घेतले, दोघांनी मिळून बेकारीची समस्या घेतली. मी संपादक सरांना विचारले, "सर, मोटारीच्या स्टेअरिंगच्या तेलावर लिहिले तर चालेल काय?" सर म्हणाले, "अरे, हा कला शाखेचा अंक आहे." मी म्हणालो, "सर, त्या तेलात मला जी अडचण आली ती यंत्राची नव्हती, वाचनाची होती." सरांनी थोडा विचार केला आणि आकृत्या काढणार नसशील तर लिही, अशी परवानगी दिली. तेव्हा वाचकहो, आकृत्या नाहीत. जे काही आहे ते शब्दांत आहे.

प्रथम गाडीची ओळख करून देतो. माझे वडील अमरावतीत एका व्यापाऱ्याकडे चालक आहेत. शेठजींकडे दोन गाड्या. नवी गाडी त्यांचा मुलगा स्वतः चालवतो. जुनी टोयोटा क्वालिस, २००४ सालची, ती बाबांच्या ताब्यात असते. ही गाडी टोयोटा कंपनीने २००० साली भारतात आणली. कर्नाटकात बिडदीच्या कारखान्यात ती तयार होत असे, आणि २००५ साली इनोव्हा आली तशी ती बंद झाली. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. शेठजींनी ती दोनदा वाढवून घेतली आहे. एवढा खटाटोप कशासाठी, तर त्या गाडीत घरची आठ-नऊ माणसे एका वेळी बसतात. शेठजींची मुलगी अकोल्यास दिलेली आहे, आणि महिन्यातून एखाद्या गुरुवारी सगळे कुटुंब अकोल्यावरून पुढे शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनास जाते. हा सगळा प्रवास बाबांच्या दोन हातांवर चालतो. म्हणूनच स्टेअरिंग हलके आहे की जड, हा प्रश्न शेठजींपेक्षा बाबांना अधिक जवळचा आहे.

आता स्टेअरिंग हलके कशाने होते ते पाहू. दीड-दोन टनांची गाडी जागच्या जागी उभी असताना तिची पुढची चाके वळवणे हे मोठ्या बळाचे काम आहे. मारुती ८०० सारख्या लहान गाडीला माणसाचे दंड पुरत. जड गाडीला मदत लागते. ती मदत करण्यासाठी बॉनेटखाली एक पंप बसवलेला असतो आणि इंजिन त्याला पट्ट्याने फिरवते. पंप तेलाला दाब देतो. ते दाबाचे तेल जाड नळीतून चाकांना वळवणाऱ्या पेटीत जाते, गॅरेजात तिला नुसते 'बॉक्स' म्हणतात, आणि तेथील दट्ट्याला एका बाजूने ढकलते. कोणत्या बाजूने ढकलायचे हे ठरवण्याची युक्ती फार सुरेख आहे. स्टेअरिंगचा दांडा आणि बॉक्स यांच्यामध्ये एक बारीक पोलादी कांडी असते. आपण चाक फिरवले की ती किंचित पिळवटते, आणि त्या पिळाने एक झडप उघडून तेलाला वाट मिळते. डावीकडे पीळ तर डावीकडची वाट, उजवीकडे पीळ तर उजवीकडची. हात सोडला की पीळ सुटतो आणि मदतही थांबते. काम झाल्यावर तेल दुसऱ्या, मऊ नळीने डबीत परत येते.

मोटारीच्या टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पौंड हवा भरतो. या पंपाचा दाब पूर्ण वळणावर हजार पौंडांच्या घरात जातो. दोन्ही आकडे दर चौरस इंचामागचे आहेत. म्हणजे बॉनेटखालची ती जाड नळी टायरच्या तीसपट दाब सोसत असते. हे सारे काम करणारे तेल मात्र जेमतेम एक लिटर असते, आणि तेवढ्याने ते दाब पोहोचवते, पंपाच्या पात्यांना वंगण देते, उष्णता वाहून नेते, गंज लागू देत नाही आणि रबरी सील मऊ ठेवते. पंप बिघडला किंवा तेल संपले तरी गाडी वळेनाशी होत नाही, कारण स्टेअरिंग आणि चाके यांचा लोखंडी सांधा कायम असतो. फक्त सगळा भार पुन्हा माणसाच्या खांद्यांवर येतो.

ही युक्ती फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याची. तो पिअर्स-ॲरो कंपनीत मालमोटारींच्या विभागात होता. अवजड गाड्या वळवताना चालकांचे होणारे हाल त्याने पाहिले, नोकरी सोडली आणि १९२६ साली आपली स्टेअरिंगची यंत्रणा एका मोटारीत बसवून दाखवली. पण मोठ्या कंपन्यांनी ती लगेच उचलली नाही, त्यात महामंदी आली. दुसऱ्या महायुद्धात जड लष्करी गाड्यांना ती उपयोगी पडली, आणि सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारीत ती प्रथम १९५१ साली क्रायस्लर कंपनीने बसवली. पंचवीस वर्षे गेली! चालकाच्या खांद्यांची काळजी श्रीमंतांच्या मोटारींपर्यंत पोहोचायला एवढा काळ लागला, याचे मला नवल वाटले. अलीकडच्या बहुतेक लहान मोटारींत तेलाऐवजी विजेची मोटर हे काम करते. वॅगन आरच्या बॉनेटखाली तेलाची ही डबी शोधू नये, सापडणार नाही.

माझ्या आज्याला मोटार ठाऊक नव्हती, बंडी ठाऊक होती. बंडीच्या आसाला वंगण लागते, आणि ते ठेवायची नळी बंडीखाली टांगलेली असे. चाक कुरकुरले की आजा वंगण घालीत असे. कोणते वंगण, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. काळे आणि चिकट असले की झाले. आमच्या घरात तेलाविषयीचे ज्ञान एवढेच होते, आणि त्याच ज्ञानाच्या बळावर मी ती बाटली उघडली.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात शेगावहून परत येताना बाबांना वळणावर बारीक 'कूंऽऽ' असा आवाज ऐकू आला. अमरावती-अकोला रस्त्याची पूर्वीची स्थिती ज्यांना आठवते त्यांना ठाऊक आहे की तेव्हा खड्ड्यांच्या आवाजात गाडीचा कोणताच आवाज ऐकू येत नसे. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. दिवसरात्र पाळ्या लावून ७२० माणसे त्यावर राबली. त्या विक्रमाचा आम्हाला मिळालेला एक फायदा म्हणजे आता गाडीचे दुखणे लवकर ऐकू येते.

रात्री बाबांनी बॉनेट उघडले. डबीतील तेल खालच्या खुणेच्याही खाली गेले होते. शेठजींच्या शेडमध्ये फळीवर एक अर्धी बाटली होती. तिच्यावरचा कागद तेलाने आणि धुळीने काळा झालेला. बाबांनी ती माझ्यापुढे धरली. "पाहाय बरं, हेच होय काय? तुले इंग्रजी येते."

माझ्या घरात महाविद्यालयात गेलेला मी पहिला. विजेचे बिल, दवाखान्याची चिठ्ठी, बँकेचा कागद, जे जे इंग्रजीत येते ते माझ्यापुढे येते, आणि मी ते वाचून दाखवतो. बाटलीवर मला एकच शब्द दिसला, 'फ्लुइड'. त्याच्या आधीचा शब्द पुसला गेला होता. पॉवर स्टेअरिंगच्या तेलाला इंग्रजीत फ्लुइड म्हणतात हे मी कोठेतरी वाचले होते. मी म्हणालो, "हो, हेच." बाबांनी विचारले, "पक्कं?" मी म्हणालो, "पक्कं." आणि पाव लिटरभर ओतून झाकण लावले.

आवाज थांबला. चार दिवस मी मोठ्या ऐटीत होतो.

दहाव्या दिवशी शेडमधल्या फरशीवर गाडीखाली ओल दिसली. पंधराव्या दिवशी अकोल्यात, शेठजींच्या मुलीच्या घराजवळच्या अरुंद गल्लीत, गाडी वळवताना बाबांचा शर्ट पाठीला चिकटला. मी सुट्टी म्हणून सोबत होतो. उतरल्यावर बाबा खांदा चोळत म्हणाले, "स्टेरिंग भल्लं जड झालं बापा." अकोल्याचा मे महिना म्हणजे ४५ अंशांचे ऊन, त्यात हे. मूर्तिजापूर रस्त्यावर बाबांच्या ओळखीचे एक उस्ताद आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. उस्तादांनी झाकण काढले, बोट बुडवले, चिमटीत घासून पाहिले आणि वास घेतला. लाल तेलात दुधाळ रेघा दिसत होत्या. ते म्हणाले, "काऊन भाऊ, याच्यात ब्रेक ऑईल कोनं टाकलं?"

बाबा म्हणाले, "म्याच टाकलं."

मी शेजारी उभा होतो. मी काही बोललो नाही.

पुसला गेलेला शब्द 'ब्रेक' होता. ब्रेकचे तेल आणि स्टेअरिंगचे तेल या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत. ब्रेकचे तेल नावाचेच तेल. ते ग्लायकॉल जातीच्या रसायनांचे असते, पाणी शोषून घेते, आणि त्याच्यासाठी ब्रेकमधील रबर वेगळ्या प्रकारचे असते. स्टेअरिंगचे तेल खनिज तेलापासून बनते आणि त्याच्या सीलचे रबर खनिज तेल सोसणारे असते. एकाचे तेल दुसऱ्यात गेले की रबर फुगते, मऊ पडते, आकार सोडते. सील म्हणजे बांधाच्या तोंडाशी लावलेली माती. ती विरघळली की पाणी अडत नाही. उलट चूक तर याहून भयंकर. स्टेअरिंगचे तेल ब्रेकच्या डबीत गेले तर तेथील रबर फुगून ब्रेकच निकामी होतो. म्हणून दोन्ही तेलांसाठी एकच नरसाळे वापरू नये, हे उस्तादांनी मला दोनदा बजावले.

बॉक्सचे सील बदलावे लागले, परतीची मऊ नळी बदलावी लागली, नवे तेल, मजुरी. ते बिल माझ्या दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशशुल्काहून अधिक होते. शेठजींनी ते बाबांच्या पगारातून दोन महिने कापून घेतले. खरी गोष्ट मी त्यांना दिवाळीच्या दिवशी घरी जाऊन सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकले, चिवडा खायला दिला, आणि कापलेले पैसे परत केले नाहीत. असो. हे लिहावे की नाही म्हणून बाबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "लिहिजो. पन शेठजीचं नाव नोको घालू."

त्या दिवशी उस्तादांनी डबीचे झाकण रॉकेलच्या फडक्याने पुसून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "तू शिकलेला आहेस ना? वाच." मेणचट थराखाली उठावाची अक्षरे निघाली. 'यूज एटीएफ डेक्सरॉन', आणि पुढे दोन उभ्या रेघा, 'ऑर', मग तीन उभ्या रेघा. बाबांना इंग्रजी अक्षरे येत नाहीत, आकडे येतात. ते म्हणाले, "अकरा नाही तं एकशे अकरा." ते रोमन आकडे होते, दोन आणि तीन. इतिहासाच्या पुस्तकात राजांच्या नावापुढे येतात तेच. कोणते तेल घालावे याचे उत्तर वीस वर्षे त्या झाकणावर लिहिलेले होते. मी बाटली वाचली, तीही अर्धी, आणि झाकण वाचलेच नाही.

एटीएफ म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांच्या गिअरपेटीचे तेल. क्वालिसला हातानेच गिअर टाकावे लागतात, मग हे तेल तिच्यात कशाला? कारण असे की दाब पोहोचवणे, फेस न होणे, उष्णता सोसणे आणि रबर सांभाळणे हे गुण त्या तेलात आयतेच होते, म्हणून पुष्कळ कंपन्यांनी तेच स्टेअरिंगसाठी घेतले. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने या तेलाचा पहिला सर्वमान्य नमुना १९४९ साली 'टाईप ए' या नावाने ठरवला आणि १९६७ साली 'डेक्सरॉन' हे नाव आणले. इंजिनच्या तेलाहून वेगळे ओळखू यावे म्हणून त्याला लाल रंग देतात. जुन्या काळी या तेलात स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे तेल मिसळत असत, कारण उष्णतेतही त्याचा गुळगुळीतपणा टिकत असे. १९७० च्या सुमारास तो देवमासा नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांत गणला गेला, अमेरिकेने त्याचे तेल आणण्यास बंदी केली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. वऱ्हाडात समुद्र नाही, देवमासा आम्ही चित्रातच पाहिलेला. तरी त्याची गोष्ट अकोल्याच्या गॅरेजात एका झाकणापर्यंत येऊन पोहोचते, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

डेक्सरॉन तीन १९९३ साली आले. २००५ साली सहावे आले आणि पुढे तिसऱ्यासाठी परवाने देणे कंपनीने बंद केले. तरीही दुकानात 'डेक्सरॉन तीनसाठी योग्य' असे लिहिलेल्या बाटल्या मिळतात, आणि नामांकित तेल कंपनीची अशी बाटली आमच्यासारख्या गाडीला चालते. बाटलीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत काय आहे त्याला फार किंमत देऊ नये. मागच्या बाजूस बारीक अक्षरांत जी यादी असते तीत आपल्या झाकणावरचे नाव आहे की नाही ते पाहावे. 'सर्व गाड्यांसाठी' अशी बाटली दुकानदार पुढे करतो. तीही वाईटच असते असे नाही, पण तिच्या मागेही ते नाव शोधावे, आणि नसेल तर बाटली परत करण्याची लाज बाळगू नये. मला ती लाज वाटते, म्हणून लिहितो.

सगळ्या गाड्यांना लाल तेल चालते असेही कोणी समजू नये. होंडाच्या जुन्या गाड्या स्वतःच्या कंपनीचेच स्टेअरिंगचे तेल मागतात आणि एटीएफ घालू नका असे त्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट असते. ह्युंडाईच्या जुन्या गाड्यांना 'पीएसएफ-३' असे नाव लागते. काही जर्मन मोटारींत हिरवे तेल असते, त्यात लाल मिसळले की सील आणि पंप दोन्ही धोक्यात येतात. झाकण हरवले असेल, किंवा आधीच्या मालकाने दुसऱ्याच गाडीचे बसवले असेल (जुन्या गाड्यांत हे फार होते), तर गाडीची पुस्तिका पाहावी. पुस्तिकाही नसेल तर त्या कंपनीच्या दुकानात गाडीचे साल आणि नमुना सांगून विचारावे. डबीत आज जे तेल आहे त्याच्या रंगावरून मात्र ठरवू नये. ते बरोबरच होते याला पुरावा काय?

रंगाची आणखी एक फसगत सांगतो. टोयोटाच्या गाड्यांत रेडिएटरचे पाणीही लाल रंगाचे येते. गाडीखाली लाल थेंब दिसला तर तो स्टेअरिंगचा की रेडिएटरचा, हे डोळ्यांनी कळत नाही. चिमटीत घासून पाहावे. तेल बुळबुळीत राहते, रेडिएटरचे द्रव पाण्यासारखे पातळ लागते आणि त्याला गोडसर वास असतो. चव घेऊ नये, ते विषारी असते.

तेल बिघडले हे कसे ओळखावे? पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकावा. स्वच्छ तेलाचा डाग लालसर, आरपार दिसणारा. काम करून थकलेल्या तेलाचा डाग तपकिरी. काळा डाग आणि जळका वास आला तर फार उशीर झाला. फेस किंवा दुधाळपणा म्हणजे हवा, पाणी किंवा माझ्यासारखा कोणी. किती किलोमीटरनंतर बदलावे याचा आकडा पुष्कळ कंपन्या देतच नाहीत. उस्ताद पन्नास ते ऐंशी हजार किलोमीटर सांगतात, आणि ज्या गाडीच्या मागच्या हिशेबाची वही नाही तिचे एकदा बदलूनच घ्यावे म्हणतात. मला ते पटले. तेलाची बाटली काही शेकड्यांत येते, पंप आणि बॉक्स हजारोंनी.

एक गोष्ट मात्र आधी समजून घेतली पाहिजे. स्टेअरिंगचे तेल इंजिनच्या तेलासारखे जळून कमी होत नाही. ते कमी झाले याचा अर्थ कोठेतरी गळते आहे, एवढाच. आम्ही मुळात तेथेच चुकलो. तेल का उतरले हे न पाहता वरून ओतायला गेलो. नळ्यांच्या क्लिपा, पंपाच्या दांड्याजवळचे सील आणि बॉक्स, ही गळतीची नेहमीची ठिकाणे. फडक्याने सगळे कोरडे पुसून, गाडी थोडी चालवून, पुन्हा हात फिरवला तर गळती सापडते. आमच्या गाडीत मुळात परतीच्या नळीची क्लिप सैल होती. एका पान्याचे काम होते ते.

आता बदलण्याची रीत. सोपी रीत अशी की मोठ्या सिरिंजने डबीतील जुने तेल ओढून काढायचे, नवे भरायचे, दोन-चार दिवस गाडी चालवायची आणि पुन्हा तसेच करायचे. यात नळी सोडावी लागत नाही आणि हवा शिरत नाही. पण हिशेब पाहा. डबीत एकूण तेलाचा तिसरा हिस्सा मावतो असे धरले, तर पहिल्या वेळेस जुने दोन तृतीयांश उरते, दुसऱ्या वेळेस त्याचे दोन तृतीयांश, आणि असे चार वेळा केले तरी जुन्याचा पाचवा हिस्सा आत राहतोच. अर्थशास्त्राच्या तासाला घसाऱ्याचा हिशेब शिकवला तेव्हा मला हीच डबी आठवली. तेल नुसते जुने झाले असेल तर ही रीत उत्तम. चुकीचे तेल पडले असेल तर तिचा उपयोग नाही, सगळेच काढावे लागते.

सगळे काढण्याची रीत उस्तादांनी माझ्या हातून करून घेतली. इंजिन थंड आणि बंद. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, पुढची बाजू जॅकने उचलून घोड्यांवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी जाऊ नये. डबी सिरिंजने रिकामी केली. मग डबीला लागलेली परतीची मऊ, साध्या क्लिपेची नळी सोडली. जाड, दोन्ही टोकांना पितळी-लोखंडी नटांची जी नळी असते तिला हात लावायचा नाही, ती दाबाची. नळीचे टोक प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीत धरले आणि डबीचे उघडे तोंड रबरी बुचाने बंद केले. बाबा आत बसून इंजिन न लावताच स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवीत होते, आणि मी डबीत नवे तेल ओतीत होतो. बाटलीत आधी दुधाळ तपकिरी तेल आले, मग मळकट लाल, मग स्वच्छ लाल. बॉक्सचे नवे सील बसले होते तरी उस्तादांनी हे तीनदा केले, कारण ब्रेक ऑईलचा थेंबही आत नको होता. साध्या बदलीला एवढे लागत नाही. लिटर-दीड लिटर पुरते.

नळी पुन्हा जोडल्यावर डबी थंडीच्या खुणेपर्यंत भरली. तिच्यावर 'हॉट' आणि 'कोल्ड' अशा दोन खुणा असतात. गार गाडीत 'हॉट'पर्यंत भरले तर तापल्यावर तेल फुगून बाहेर येते. मग इंजिन बंदच ठेवून बाबांनी आणखी वीसेक वेळा चाक टोकापासून टोकापर्यंत फिरवले. आतली हवा अशाने बुडबुड्यांनी वर येते. घाईघाईने इंजिन लावले तर पंप ती हवा घुसळून तेलाचा फेस करतो, आणि तो पंप रडल्यासारखा आवाज काढतो. बुडबुडे थांबल्यावर इंजिन लावले, पुन्हा सावकाश फिरवले, तेलाची पातळी पाहिली. आवाज नव्हता. जुने तेल नालीत ओतायचे नसते. वापरलेले तेल कायद्याने धोकादायक कचरा ठरते. उस्ताद ते पिंपात साठवून जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकास देतात.

स्टेअरिंग जड झाले की दर वेळी तेलाचाच दोष असतो असे नाही. टायरची हवा कमी असेल तरी ते जड होते, आणि ती आधी पाहावी, कारण ते फुकटात होते. वळताना चिरका आवाज आला तर पट्टा सैल असू शकतो. गळती थांबवणारे म्हणून एक औषधी तेल दुकानात मिळते. उस्ताद त्याला हात लावीत नाहीत, कारण ते रबर फुगवूनच गळती थांबवते, आणि फुगलेल्या रबराचे पुढे काय होते हे आम्ही पाहिले होते.

चालकाच्या हातातली एक सवय मात्र तेलाचे आयुष्य वाढवते. चाक पूर्ण टोकाला नेऊन तेथे दाबून धरू नये. त्या वेळी पंपाला तेल ढकलायला जागा उरत नाही, दाब कमाल होतो आणि तेल झपाट्याने तापते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना प्रत्येक वळणावर हा मोह होतो. बाबा आता टोकाला पोहोचले की चाक बोटभर मागे घेतात. सांगितल्यापासून एकदाही विसरलेले नाहीत.

बॉनेटच्या आतल्या बाजूस बाबांनी पांढऱ्या रंगाने मराठीत लिहिले आहे : 'स्टेरिंग – लाल तेल – डेक्सरॉन ३ – ब्रेक ऑईल नाही'. खाली तारीख आणि किलोमीटरचा आकडा. अक्षरे वाकडी आहेत, कारण बॉनेट वर धरून लिहिणे कठीण आणि लिहायची सवय त्यांना नाही. 'डेक्सरॉन' कसे लिहायचे ते त्यांनी मला विचारले होते. मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "झाकनावर पाहून सांग." मी झाकण काढले, पुसले, आणि पाहून सांगितले.

मागच्या रविवारी पातळी पाहिली. 'कोल्ड'च्या खुणेपासून जराशी खाली वाटली. नळीची क्लिप कोरडी आहे, पंपही कोरडा आहे. बॉक्सजवळ अंधारात नीट दिसले नाही. उद्या उजेडी पुन्हा पाहायचे ठरले आहे.